डावा गाल, उजवा गाल

३ मार्च, सोमवार

रुद्राणीने नवीन वर्षाला दिलेली ही डायरी दोन महिने फ्रिजवर पडून होती. मी तिच्यावर बीपीच्या गोळ्या ठेवायचो. आज गोळ्या उचलल्या, कारण घरात नोंद करण्याजोगं काम निघालं आहे. रिटायर झाल्यावर दोन वर्षांनी! टॉवेलच्या कारखान्यात रंगखात्यात चौतीस वर्षं काढली मी. शेड चेकर. रंगवलेला लॉट नमुन्याशी जुळतो की नाही ते बघायचं आणि 'पास' नाहीतर 'परत' असा शिक्का मारायचा. मालक ओरडले तरी मी शिक्का बदलला नाही. आता आमटीत मीठ कमी की जास्त यापलीकडे माझं मत कुणी विचारत नाही, आणि तेही मी न विचारताच देतो असं रत्नम्माचं म्हणणं.

तर सकाळी पुण्याहून कुरिअर आलं. रुद्राणी आमची एकुलती एक, तिथे नोकरीला आहे, आणि १४ मेला तिचं लग्न आहे. खोक्यात खोकं, त्यात कागदाचा भुसा, आणि मधोमध पेरूएवढी जाड काचेची बरणी. अव्वासाठी, म्हणजे तिच्या आईसाठी, चेहऱ्याचं क्रीम. किंमत बघून माझे डोळे पांढरे झाले. चार हजार सहाशे पन्नास! एवढ्यात आमच्या कारखान्याचे टॉवेल निम्म्या वऱ्हाडाला वाटून झाले असते.

कारण असं की रत्नम्माच्या दोन्ही गालांवर वांगाचे डाग आहेत. दहा-बारा वर्षं झाली. दुखत नाहीत, खुपत नाहीत. पण अलीकडे तिने नवीनच काढलं आहे, फोटोला उभी राहत नाही. कुणी मोबाइल वर केला की हिचा पदर गालावर. मागच्या आठवड्यात रुद्राणीला फोनवर चक्क म्हणाली, "लग्नात मी सगळं करते बाळा, पण फोटोबिटोला मला न्हाय बोलवायचं. मी आपली पाव्हण्यांत बसते." एकुलत्या एका पोरीच्या लग्नात आईच फोटोत नाही! पोरगी फोनवर रडली. मग ही बरणी आली.

रत्नम्माने बरणी हातात घेऊन वजन बघितलं आणि म्हणाली, "बेडा, बेडा, नको मला, परत पाठवा. संगमेशच्या दुकानात एकशेपंचेचाळीसला ट्यूब मिळती की, तीबी डागाचीच." संगमेशचं कटलरीचं दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. बांगड्या, पिना, पावडरी, सगळं मिळतं. तिकडे फोनवर रुद्राणी, "अप्पा, स्वस्तातलं काही लावू नका हं तिला." दोघी मायलेकी ऐकेनात.

मी म्हणालो, भांडता कशाला, चाचणी घेऊ. डाव्या गालाला संगमेशची ट्यूब, उजव्या गालाला पुण्याची बरणी. रोज एकाच वेळी, सारख्याच मापाने, लग्नापर्यंत. जे जिंकेल ते दोन्ही गालांना. लावणार मी. हिच्या हातात दिलं तर ही महागडं क्रीम पोरीच्या बाळंतपणासाठी म्हणून कपाटात ठेवील, हे मला माहीत आहे.

मला वाटलं नको म्हणेल. पण थोडा वेळ माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमी लावणार व्हय? लावा." एवढ्या लवकर ती कधीच कबूल होत नाही. बहुधा बरणीची किंमत बघून घाबरली.

५ मार्च, बुधवार

पहिला दिवस. संध्याकाळी सातला माझी लिंगपूजा होते, तिच्यानंतर लगेच वेळ ठेवली. पाट मांडून हिला ट्यूबलाइटखाली बसवलं. कारखान्यातलं करड्या पट्ट्यांचं कार्ड माझ्याकडे अजून आहे. दोन रंगांत किती फरक आहे ते त्याच्यावरून मोजतात. पाच म्हणजे फरक नाही, एक म्हणजे आंधळ्यालाही दिसेल. कार्ड गालाशी धरलं. दोन्ही गाल सारखेच, डाग आणि मूळ कातडी यांत फरक तीन.

डाव्या गालाला ट्यूब लावली. टॉवेलला बोटं पुसून मग उजव्याला बरणी. मापाला चहाचा चमचा घेतला, पाव चमचा दोन्हीकडे.

"हळू की! कापड न्हाय हे," ती म्हणाली.

छत्तीस वर्षांच्या संसारात मी हिच्या गालाला असा हात लावल्याचं मला तरी आठवत नाही. ताप बघायला कपाळाला लावला असेल. अंगठ्याखाली गाल जरा गारच लागला. कुठे बघावं ते कळेना, म्हणून मी कार्डाकडे बघत राहिलो.

अवघडलेपणा जावा म्हणून मी माझं निरोप समारंभातलं वाक्य तिला ऐकवलं. त्या दिवशी माईकवर मी म्हणालो होतो, "चौतीस वर्षांत हजारो लॉट पास केले, पण एक लॉट घरात असा आहे की ज्याची शेड गालावर जुळत नाही, आणि तो परतही पाठवता येत नाही!" काय टाळ्या पडल्या होत्या. मॅनेजरसाहेबांना हसून ठसका लागला होता. पुढच्या रांगेत ही बसली होती, तीही पदर तोंडाला लावून हसली होती.

आज हसली नाही. क्रीम लावल्यावर गाल हलवायचा नाही असं मीच सांगितलं होतं.

९ मार्च, रविवार

प्रगती काही नाही. चार दिवसांत काय होणार म्हणा. एक मात्र नोंदवून ठेवतो. क्रीम लावायला पाच मिनिटं पुरतात, पण आज उठेपर्यंत पाऊण तास गेला. मुरायला वेळ लागत असावा.

आज ती माहेरचं, मैंदर्गीचं सांगत होती. लग्नाआधी वडिलांनी तिला सिद्धेश्वरच्या गड्ड्याच्या जत्रेला सोलापूरला आणलं होतं. तिथे फोटोवाल्याच्या तंबूत पुठ्ठ्याचा चंद्र होता. तिने हट्ट धरला आणि त्या चंद्रावर बसून फोटो काढला. वडील ओरडले, पण फोटो मात्र खिशात ठेवून गावभर दाखवला. तोच पुढे स्थळाबरोबर आमच्याकडे आला.

"तुमाला आटवतो का त्यो फोटो?"

आठवतो म्हणजे काय! तो बघूनच तर मी हो म्हणालो होतो. पण हे तिला कधी सांगितलं नव्हतं असं आज लक्षात आलं, म्हणून सांगून टाकलं. ती म्हणाली, "छत्तीस वर्षांनी सांगताय व्हय." आणि मग बराच वेळ उठलीच नाही. चहा मला करावा लागला.

१८ मार्च, मंगळवार

निकाल दिसायला लागला! डावा गाल लाल. बारीक पुरळासारखं, हात लावला तर खरखरीत. उजवा गाल मऊ. कार्ड लावून बघायचीसुद्धा गरज नाही. रुद्राणीला फोन केला, ती म्हणाली, "बघा अप्पा, मी सांगत होते." मी म्हणालो, बाई, तू जिंकलीस.

रत्नम्माचं मात्र वेगळंच. म्हणे, "ऱ्हाऊ द्या, व्हतंय कमी. उद्या परत बघू की." लाल गाल घेऊन उद्या परत बघू! हिला शास्त्र कळत नाही.

२० मार्च, गुरुवार

संगमेशच्या दुकानात गेलो. चार-पाच बायका बांगड्या, क्रीमच्या ट्यूबा बघत होत्या. मी ट्यूब काउंटरवर आपटली. "माणसांच्या तोंडाला लावायचं विकतोस की भिंतीला? बायकोचा गाल सोलवटून निघाला. हा लॉटच परत पाठव!" संगमेश चाळिशीचा आहे, कधी कुणाला उलटून बोलत नाही. एवढंच म्हणाला, "काका, पाच वर्षं विकतोय ही, कुणाची तक्रार न्हाय आली. पण तुमी म्हणताय तर बघतो." बायकांनी हातातल्या ट्यूबा गुपचूप खाली ठेवल्या. मी ताठ मानेने घरी आलो.

घरी आल्यावर हिला सांगितलं तर फणकारलीच. "त्याला चार बायकांत कशाला बोललात? त्याच्या पोटावर पाय द्यायला कुणी सांगितलं हुतं तुमाला?" मी म्हणालो, माल खराब तर बोलायचं नाही का? ती म्हणाली, "तुमाला न्हाय कळायचं." संध्याकाळी पाटावर बसली नाही.

२२ मार्च, शनिवार

दोन दिवस चाचणी बंद. गाल दुखतोय म्हणते. पूजा आटोपली की मी आपला ट्यूबलाइटखाली उगाच उभा राहतो. टीव्ही लावला, बंद केला. गच्चीवर गेलो, उकाड्याने खाली आलो. नोंदी तुटल्या की मला चैन पडत नाही, कारखान्यातही असंच व्हायचं. आजची भाकरी ही न बोलता वाढून गेली. शेंगाचटणी मागितली तर वाटी पुढे सरकवली.

२४ मार्च, सोमवार

लिहायची लाज वाटते, पण नोंद ती नोंद.

रुद्राणीने फोनवरूनच कातडीच्या डॉक्टरची वेळ घेतली. होटगी रोडला दवाखाना, डॉक्टर रुद्राणीच्याच वयाची. तिने रत्नम्माचा गाल भिंगातून बघितला. ट्यूब आणि बरणी दोन्ही मी पिशवीत घालून नेली होती, तीही वाचली. मग विचारलं, "क्रीम कोण लावतं?"

"मी लावतो," मी छाती काढून म्हणालो. "ठरलेली वेळ, ठरलेलं माप."

"हात दाखवा बघू, काका."

मी उजवा हात पुढे केला. आम्ही पूजा करूनच घराबाहेर पडलो होतो. मधल्या तिन्ही बोटांच्या पेरांना पांढरी विभूती!

घरी विभूतीची गट्टी ओली करून तीन बोटांनी कपाळाला, दंडाला लावतो. उरलेली विभूती धुऊन टाकायची नसते, आमच्या वडिलांची शिकवण. म्हणून मी पूजेनंतर हात धूतच नाही. त्याच हाताने डाव्या गालाला ट्यूब लावायचो. मग बोटं टॉवेलला पुसायची आणि स्वच्छ बोटांनी उजव्या गालाला बरणी! म्हणजे गेले पंधरा दिवस मी बायकोचा डावा गाल भस्माने घासत होतो. चौतीस वर्षांत नमुना हाताळण्याआधी हात न धुणाऱ्या किती पोरांना मी फैलावर घेतलं असेल! मला वाटलं, खुर्चीखाली जाऊन बसावं.

डॉक्टर हसली नाही, गुणाची पोर. तिने सांगितलं ते असं: डागावर काम करणारा घटक दोन्हींत एकच आहे आणि जवळपास सारखाच. महागातलं हाताला मऊ लागतं, वास चांगला, बरणी देखणी, एवढंच. डावा गाल आठ दिवसांत निवळेल. वांगाचं मुख्य कारण ऊन, त्यामुळे उन्हाचं क्रीम सकाळी न चुकता लावायचं, ते स्वस्तातलंही चालेल, पण कंजूषपणा करायचा नाही. गच्चीवर पापड-सांडगे वाळवताना टोपी घालायची. आणि डाग फिके होतील, पण पूर्ण जातीलच असं नाही. गोरं करतो म्हणणारं कुठलंही क्रीम घ्यायचं नाही.

येताना रिक्षात मी रत्नम्माला विचारलं, "तुला लागत नव्हतं का गं?"

"लागत हुतं की. पयल्या दिवसापासनं भुरभुरीत लागत हुतं."

"मग बोलली का नाहीस?"

ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "बोलले असते तर तुमी बंद केलं असतं."

याचा अर्थ मला लागला नाही. चूक कळली तर बंद कशाला करायचं, दुरुस्त करायची.

२५ मार्च, मंगळवार

संगमेशला फोन करून चूक कबूल करतो म्हणालो तर ही कमरेवर हात ठेवून दारात उभी. "फोनवर कशाला? बोललात तवा चार बायका हुत्या की. चार बायका असताना जावा आणि सांगा."

अकराला गेलो तर दुकानात चिटपाखरू नाही. संगमेशने स्टूल दिलं, चहा मागवला. मी काही सांगेना, तो काही विचारेना. पाऊण तासाने गिऱ्हाईक जमलं तेव्हा मी उभा राहिलो आणि मोठ्याने म्हणालो, "परवा मी इथे ट्यूब खराब आहे म्हणालो. ट्यूब चांगली आहे. माझेच हात खराब होते." एक बाई म्हणाली, "काका, आम्ही त्या दिवशी नव्हतोच." मग त्यांना विभूतीसकट सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की एकीने हातातली बांगडी फोडली. तिची भरपाई मीच केली.

संगमेशचा चेहरा मात्र एकदम मोकळा झाला. "काका, तुमच्या त्या बोलण्यानं लई लागलं हुतं," म्हणाला. "चार दिवस ती ट्यूब काउंटरवर ठेवायचीबी लाज वाटत हुती." मी म्हणालो, अरे मग तेव्हाच का नाही बोललास? तो म्हणाला, "मोठ्या माणसाला काय बोलायचं." उन्हाचं क्रीम घेतलं आणि निघालो. त्याने हात पुसायचे ओले रुमाल फुकट दिले, वर डोळा मिचकावला. एवढं सोडलं तर प्रकरण चांगलं मिटलं.

२ एप्रिल, बुधवार

गाल निवळला. आजपासून चाचणी पुन्हा, पहिल्यापासून. आता पूजेनंतर विभूती आधी हाताला, मानेला नीट जिरवतो, मग साबण लावून हात धुतो. वडील वरून बघत असतील तर बघोत. पाटावर बसताना ही म्हणाली, "दाखवा हात." शाळेतल्या पोरासारखे उलटेसुलटे करून दाखवले. "पास," म्हणाली. माझाच शब्द मला!

२० एप्रिल, रविवार

बाहेर त्रेचाळीस. डांबर मऊ झालंय. घरात कूलर भुंकतोय. पण नोंद उत्तम. दोन्ही गाल कार्डावर साडेतीन. डावा बघून उजवा बघितला, उजवा बघून डावा, चष्मा पुसून परत बघितलं. फरक नाही. रुद्राणीला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे माझे पैसे वाया गेले?" मी म्हणालो, "नाही गं, उजव्या बाजूने तुझ्या आईला वास फार छान येतो." मागून हिने माझ्या पाठीत धपाटा घातला. पोरीने फोनवर ऐकला.

डागही थोडे फिके झालेत, दोन्हीकडचे. उन्हाचं क्रीम आणि टोपी यांचं काम. टोपी माझी क्रिकेटची आहे. ती घालून ही गच्चीवर सांडगे घालते आणि खालून शेजारीण विचारते, किती झाले रन.

सगळं छान चाललंय म्हणून मी फोनवरच म्हणालो, चला, आता फोटोचा प्रश्न मिटला.  फोन ठेवल्यावर ही म्हणाली, "फोटोचं म्या कुटं कबूल केलं हुतं? म्या क्रीमचं कबूल केलं हुतं."

डाग फिके झाले, मग अडलं कुठे? मला काही समजेना.

२७ एप्रिल, रविवार

रुद्राणीने लग्नात दाखवायला आईवडिलांचे जुने-नवे फोटो मागितलेत. दिवसभर कपाट आणि मोबाइल घेऊन बसलो. चंद्रावरचा फोटो सापडला! पिवळा पडलाय, पण काय ऐटीत बसली आहे. नाक वर, जसा काही चंद्र हिच्या वडिलांनीच विकत घेतला आहे.

मग अलीकडचे शोधले. गेल्या दोन वर्षांतला हिचा एकही धड फोटो नाही. पदर, हात, कुणाची तरी पाठ. त्याच्या आधीचे मात्र भरपूर, आणि डाग तर तेव्हाही होते. उलट जास्त गडद होते. दिवाळी, गृहप्रवेश, अक्कलकोटची सहल, सगळीकडे डागांसकट दात काढून हसते आहे.

शेवटी माझ्या निरोप समारंभाचा अल्बम काढला. ओळीने लावलेले फोटो. पहिल्यात ही पुढच्या रांगेत, पदर खांद्यावर, मान उंच, माझ्याकडे बघते आहे. नवऱ्याचा सत्कार म्हणून नवी इरकल नेसली होती. दुसऱ्यात तसंच. तिसऱ्यात मी माईकवर. चौथ्यात सगळी माणसं हसताहेत, मॅनेजरसाहेब वाकलेत, आणि हिने पदर तोंडाला लावलाय.

पाचव्यात आम्हा दोघांचा सत्कार, शाल-श्रीफळ. हिचा पदर गालावर. सहाव्यात पदर गालावर. सातव्यात पदर गालावर. शेवटच्या फोटोपर्यंत तो खाली आलेला नाही.

मी परत पहिल्यापासून बघितले. दोन लॉटमधला फरक ओळखायला मला चौतीस वर्षांत कधी कार्ड लागलं नाही.

२८ एप्रिल, सोमवार

आज हात चालत नाही. क्रीम लावलं.  तीच म्हणाली, "आज गप का?"

३० एप्रिल, बुधवार

बसवजयंती. सकाळी मिरवणुकीच्या तयारीला जायचं होतं, गेलो नाही. ही भाकरी थापत होती. मी मागे उभा राहिलो आणि विचारलं, "माझ्या त्या भाषणाने तुला वाईट वाटलं होतं का?"

थापता हात थांबला नाही. "कुटल्या?"

"तुला माहीत आहे कुठल्या."

भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, तिच्या कडा सोडवल्या. मग म्हणाली, "परत पाटवता न्हाय येत म्हणालात."

"गंमत होती गं ती."

"मीबी हसले की." आणि मग वळून नीट माझ्याकडे बघत म्हणाली, "डाग हायत, मला म्हाईत हायत, रोज आरसा बघते. लोक बघत्यात तेबी म्हाईत हाय. पर तुमी बघत न्हाई असं मला वाटायचं. धा वर्षं मला वाटत हुतं, ह्यांना डाग दिसतच न्हाईत. मला त्याचं लई बरं वाटायचं. त्या दिवशी कळलं, बघताय की. आणि सगळ्यांस्नी सांगताय."

 मी म्हणालो, चुकलं माझं, रत्ना. खरंच चुकलं. माझे डोळे भरून आले होते, आणि ते भाकरीच्या धुराने नव्हते. ती "बरं" म्हणाली. "जावा, हात धुवा, जेवायला वाढते." तिला राग नव्हता. पण ते "बरं" काही पुरं नव्हतं, एवढं मलाही कळलं. जेवताना मला सारखं संगमेशचं दुकान आठवत होतं.

६ मे, मंगळवार

भाषण लिहिलं, दोन पानं झाली. फाडलं. परत लिहिलं, चार ओळी झाल्या. पाठ करतोय. हिला वाटतंय मंगलाष्टकं पाठ करतोय.

१५ मे, गुरुवार

काल लग्न झालं. पाय सुजलेत, पण आजच लिहितो.

अक्षता पडल्या, जेवणावळी सुरू झाल्या. कारखान्यातले सगळे आले होते, मॅनेजरसाहेब, रंगखात्यातली माझी सगळी माणसं. स्टेजवर फोटोवाला ओरडत होता, "वधूच्या आई कुठायत? आईंना बोलवा." रुद्राणी मान उंच करकरून शोधत होती. ही पार मागे, आहेराच्या टेबलाशी, साड्यांचे गठ्ठे रचत होती.

मी माईक घेतला. घेताना तो किंचाळला, सगळा हॉल वळून बघायला लागला. चार ओळी पाठ होत्या, त्यातली एक आठवेना. जे आलं ते बोललो.

म्हणालो, "दोन वर्षांपूर्वी माझ्या निरोप समारंभात मी बायकोवर एक वाक्य बोललो होतो. तुम्ही सगळे हसलात, मीही हसलो. ते वाक्य मी परत घेतो. मी आयुष्यभर शेड बघितली, पण घरात मला बघता आलं नाही. गेले दोन महिने मी हिचा चेहरा रोज जवळून बघतोय. त्याच्यात दोष नाही. दोष बघणाऱ्यात होता."  हॉलमध्ये भांड्यांचा आवाज तेवढा येत होता. मग मी म्हणालो, "रत्ना, फोटोला ये."

कुणी हसलं नाही. मॅनेजरसाहेबांनी मान खाली घातली. माझी पाचावर धारण. आली नाही तर? भरल्या हॉलात आणखी एकदा हिचं हसं केलं की काय मी?

मागून आवाज आला, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असा. "येते की! हातातल्या साड्या तरी ठेवू द्या."

आणि आली. मधल्या वाटेने, घाई न करता. पदर खांद्यावर. रुद्राणीने स्टेजवरूनच हात पुढे केला आणि दोघी मायलेकी काजळ फिस्कटेपर्यंत रडल्या. फोटोवाला अर्धा तास खोळंबला. मग माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "काकूंचा चेहरा कॉम्प्युटरवर साफ करून देतो, डाग दिसणार नाहीत." मी म्हणालो, "जसा आहे तसा छाप. एक ठिपका कमी झाला तर अल्बम परत पाठवीन."

हिला ऐकू गेलं. "माझं ऱ्हाऊ द्या," म्हणाली. "ह्यांच्या टकलावरचा उजेड तेवढा कमी करा."

१९ मे, सोमवार

घर रिकामं झालं. पोरगी गेली, पाहुणे गेले, बुंदीचे लाडू तेवढे उरलेत. चाचणीचा निकाल लिहून डायरी बंद करावी म्हणून बसलो.

स्वस्त आणि महाग, फरक नाही. दोन्ही गाल कार्डावर साडेतीनच्या थोडं वर. डाग आहेत. राहणार. बरणी परवाच संपली. एवढी जाड काच टाकवत नाही म्हणून हिने ती धुऊन, पुसून देवघरात ठेवली आणि माझी विभूती तिच्यात घातली. चार हजार सहाशे पन्नासच्या बरणीतून रोज विभूती लावणारा सोलापुरात मी एकटाच असेन.

एवढं लिहिलं तोवर पूजेची वेळ झाली. पूजा केली आणि टीव्हीसमोर येऊन बसलो. ही स्वयंपाकघरातून आली. पाहिलं तर हातात पाट.

"आज लावायचं न्हाय व्हय?"

"चाचणी संपली की," मी म्हणालो. "बरणीही संपली."

"ट्यूब हाय की अजून," ती म्हणाली, आणि ट्यूबलाइटखाली पाट मांडून बसली.

मी उठलो. साबण लावून दोन्ही हात धुतले, पुसले, बोटं उजेडात धरून बघितली. आणि तिच्यासमोर जाऊन बसलो.